दोन एकर मका आणि सहीचं शेपूट

महिपती बोराटे यांची सही बघण्यासारखी होती. निदान त्यांचं स्वतःचं तसं मत होतं, आणि इंदापुरातल्या एका हायस्कुलात ते हेडक्लार्क असल्यामुळे हे मत खोडून काढायला कोणी पुढे येत नसे. प्रत्येकाचा कसला ना कसला दाखला त्यांच्या टेबलावर अडकलेला असायचा. सही सुरू व्हायची ती 'म'च्या डोक्यावरच्या एका फुगीर गाठीनं. मग 'बोराटे' हे आडनाव वरातीतल्या घोड्यासारखं झुलत जायचं, आणि शेवटच्या अक्षरातून निघालेलं शेपूट सगळ्या नावाखालून डावीकडे फेरी मारून परत उजवीकडे यायचं आणि कागदाच्या पार कडेला दोन टिंबं देऊन थांबायचं. तेवीस वर्षं ही सही बिनचूक तशीच येत होती. गाव त्यांना भाऊसाहेब म्हणायचं, तेव्हा आपणही तसंच म्हणू.

तर ह्या सहीला अठ्ठ्याण्णव साली जानेवारीपासून मार्चपर्यंत जे काही सोसावं लागलं, ते सगळं बोटभर मक्याच्या कणसापायी.

भाऊसाहेबांची गावाबाहेर कालव्याच्या पाण्याखाली चार एकर जमीन होती. सातबारा त्यांच्या नावावर होता आणि शेती रतनबाईंच्या हाती. म्हणजे पेरायचं काय, पाणी कधी धरायचं, कुठल्या बाजारात काय न्यायचं हे सगळं त्यांच्या पत्नी रतनबाई बघायच्या. भाऊसाहेब रविवारी शेतावर जायचे, तेही पाहुण्यासारखे. बांधावर उभं राहून "छान आहे" म्हणायचे आणि चप्पल झटकून परत यायचे. रतनबाईंनी रेडिओवरच्या शेतीच्या कार्यक्रमात बेबी कॉर्न नावाचा प्रकार ऐकला, कुठूनसं बियाणं मिळवलं आणि दहा गुंठ्यांत लावून बघितलं. शेजारचे तात्याबा मुद्दाम बघायला आले. एकेकाळी तीनशे मेंढरं राखलेला माणूस. आता तेही बागायतदार झाले होते, पण कुठल्याही पिकाकडे मेंढरानं बघावं तसंच बघायचे.

"म्हंजी कणसाचं बारसं व्हायच्या आत त्येला मोडायचं?" तात्याबा म्हणाले.

"व्हय तात्याबा. दाणा भरायच्या आधी. मोठ्या हॉटेलात खात्यात."

"दाणाच न्हाय तर खात्यात काय?"

 रतनबाईंनी कणसं सोलून, ओल्या फडक्यात गुंडाळून, एसटीच्या पार्सलनं वाशीच्या एका कंपनीला नमुना पाठवला. ही कंपनी मुंबईच्या हॉटेलांना भाजी पुरवायची. नऊ जानेवारीला, शुक्रवारी, घरचा फोन वाजला. पलीकडे कंपनीचे मॅनेजर दस्तूरसाहेब होते.

"बाई, तुमचा माल फस्टक्लास हाय! दोन एकर लावा. लांबी चार इंच. पेनापेक्षा जाड नको. टोक मोडका नको. फर्स्ट गाडी पाच मार्च, मग एक दिवसाआड. जमेल?"

"जमंल की. पाच मार्चला गाडी तुमच्या दारात."

"मग पक्का?"

"पक्का."

गोष्ट खरं तर इथंच संपायची. पण दस्तूरसाहेब फोन ठेवता ठेवता म्हणाले, "एक अॅग्रीमेंट फॅक्स करतो. जमीन मिस्टरच्या नावावर ना? मग मिस्टरची सही करून परत फॅक्स करा." सहीचं नाव निघताच भाऊसाहेबांनी हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवलं. पेरणीला रतनबाई दुसऱ्याच दिवशी लागल्या. सहीला भाऊसाहेब लागले.

इंदापुरातल्या फॅक्सवर आलेला कागद पावसात भिजलेल्या पाटीसारखा दिसायचा, म्हणून भाऊसाहेबांनी शाळेतून किरकोळ रजा काढून बारामती गाठली. तिथं स्टँडजवळ बिरदेव मारकडचं दुकान होतं. पाटीवर एसटीडी, फॅक्स, झेरॉक्स, ल्यामिनेशन अशी नावं होती, आणि उन्हाळ्यात त्याच पाटीखाली उसाचा रसही मिळायचा. वाशीहून करार आला. गुळगुळीत, गुंडाळी होऊ पाहणारा तो कागद, खाली दस्तुरखुद्द दस्तूरसाहेबांची सही. भाऊसाहेबांनी स्वतःचं शाईपेन काढलं, कागद चार बोटांनी ताणून धरला, श्वास रोखला आणि सही केली. बिरदेवनं मान वाकडी करून ती बघितली.

"भाऊसाहेब, ही सही हाय का रांगोळी?"

कागद मशिनीत गेला आणि दुसऱ्या बाजूनं बाहेर आला. दहा मिनिटांनी वाशीहून फोन. सही अर्धीच पोचली होती. सही कागदाच्या कडेपर्यंत जात असल्यामुळे मशिनीनं शेपटाबरोबर निम्मं आडनावही कापलं होतं, आणि पलीकडे जे उमटलं होतं ते वाचून तिथल्या बाईंनी विचारलं, "हे मिस्टर 'महिपती बो' कोण?"

वाशीनं करार पुन्हा पाठवला. भाऊसाहेबांनी शेपूट थोडं आवरलं. तरी एक टिंब गेलं. वाया गेलेल्या सह्या कुणाच्या हाती लागू नयेत म्हणून त्यांनी दोन्ही कागदांचे बारीक बारीक तुकडे करून खिशात घातले. तिसऱ्या वेळी वाशीच्या बाई जरा वैतागल्याच. तेव्हा भाऊसाहेबांनी डोळे मिटले आणि शेपटाविना सही केली. लग्नाच्या फोटोआधी न्हाव्यानं चुकून मिशी उतरवावी तसा त्यांचा चेहरा झाला होता. पण ह्या वेळी वाशी म्हणाली, "ओके."

आता हे प्रकरण मिटलं म्हणून दुसऱ्या कुणी चहा पिऊन एसटी धरली असती. भाऊसाहेबांनीही धरली, पण भिगवणच्या फाट्यावर गाडी थांबली असताना त्यांच्या मनात एक विचार आला आणि तिथून पुढे बसायला जागा असूनही ते अस्वस्थ राहिले. आपण सही केली ती आपल्या पिशवीत आहे. वाशीला जे गेलं ते काय आहे? दस्तूरसाहेबांची शाईची सही वाशीत, आपली शाईची सही इंदापुरात. दोघांच्या शाईच्या सह्या एका कागदावर जन्मात भेटणार नाहीत. मग करार कुठला? ह्या टोकाचा, त्या टोकाचा, की मधल्या तारेतला?

घरी आल्यावर त्यांनी हा प्रश्न मांडला. रतनबाई बियाणं मोजत होत्या. "आवो, त्येंनी व्हय म्हटलं, मी व्हय म्हटलं. कागद आपला असूद्यात," त्या म्हणाल्या. भाऊसाहेबांना हे उत्तर अगदीच बायकी वाटलं. तसं ते बोलले नाहीत. तेवढं शहाणपण त्यांच्यात होतं.

तात्याबांनी बाजाराच्या अनुभवावरून मत दिलं. "आमी उभा जल्म उपरण्याखाली बोटं धरून मेंढरं इकली. सही न्हाय, आंगठा न्हाय. पर त्यात समोरच्याची बोटं हातात असत्यात, भाऊसाहेब. तुमी कुनाची बोटं धरली? मशीनीची!"

शाळेत तर मतांचा बाजारच भरला. चित्रकलेच्या सरांचं म्हणणं पडलं, की सहीत दाब महत्त्वाचा, कागदाला मागून हात लावला की सही बोटाला लागली पाहिजे; ती फॅक्सला लागत नाही. हेडमास्तर म्हणाले, स्टँपपेपरशिवाय सगळं व्यर्थ. पीटीचे सर म्हणाले की त्यांच्या मेव्हण्याचं लग्न फॅक्सवर ठरलं होतं आणि पुढे मोडलं. पण ते फॅक्समुळे मोडलं का, ते त्यांना सांगता आलं नाही.

हेडमास्तरांच्या म्हणण्यानं घात केला. भाऊसाहेबांनी ठरवलं की 'वाशीस पोचलेली सही ही माझीच आहे' असं प्रतिज्ञापत्र करून पोस्टानं पाठवायचं. स्टँपपेपर आणला, सुवाच्य अक्षरात मजकूर लिहिला आणि कचेरीत गेले. तिथल्या कारकुनानं मजकूर दोनदा वाचला.

"ती सही कुठाय?"

"वाशीला."

"मग ती घेऊन या."

"ती वाशीला पोचलेली आहे. मूळ सही ही बघा, माझ्याकडे आहे."

"पण प्रतिज्ञापत्र पोचलेल्या सहीबद्दल आहे. न बघता कसं करायचं?" कारकून समजूतदारपणे म्हणाला. मग त्यानं करारावरची सही आणि प्रतिज्ञापत्रावरची, शेपटासकट केलेली सही शेजारी शेजारी ठेवली. बराच वेळ बघितलं. "आणि भाऊसाहेब, राग मानू नका, पण ह्या दोन सह्या एका माणसाच्या वाटत नाहीत."

हे वाक्य भाऊसाहेबांच्या काळजात घुसलं. तेवीस वर्षं त्यांनी स्वतः पालकांचे अर्ज ह्याच वाक्यानं परत पाठवले होते.

ह्या सगळ्या धावपळीत महिना गेला. तिकडे दोन एकरांत मका कमरेला लागला होता. रतनबाईंनी तोडणीसाठी आठ बायका आधीच सांगून ठेवल्या होत्या आणि चार इंचाची काडी कापून प्रत्येकीच्या हातात दिली होती. एवढंच नाही, तर त्यांच्या शब्दावर तात्याबांच्या पत्नी बानूबाईंनीही अर्धा एकर बेबी कॉर्न लावला होता. तात्याबा रोज संध्याकाळी त्या अर्ध्या एकराकडे बघून सुस्कारा सोडत.

इकडे भाऊसाहेबांनी तो एकमेव करार शाळेच्या टेबलावर, काचेखाली, सगळ्यांना दिसेल असा ठेवला होता. टेबल खिडकीपाशी होतं. फेब्रुवारीच्या मध्यावर त्यांच्या लक्षात आलं की दस्तूरसाहेब फिके पडत चालले आहेत. आधी सहीची वेलांटी गेली, मग आडनावाचा अर्धा भाग. भाऊसाहेबांची शाई ठणठणीत होती. पण मजकूर रोज थोडा थोडा विरत होता. ह्या गतीनं पाच मार्चपर्यंत कोऱ्या कागदावर एकट्या महिपती बोराट्यांची सही उरली असती, आणि तीही बिनशेपटाची. ते तसेच बारामतीला धावले.

"झेरॉक्स काढू का?" बिरदेवनं विचारलं.

"झेरॉक्सला कोण विचारतो?" भाऊसाहेब म्हणाले. हा प्रश्नही ते तेवीस वर्षं लोकांना विचारत होते. "मूळ कागद जपला पाहिजे."

"मग ल्यामिनेशन करू. शंभर वर्सं हलायचं न्हाय."

मशीन तापली. बिरदेवनं करार दोन प्लॅस्टिकांमध्ये घातला आणि आत सरकवला. दुसऱ्या बाजूनं जे बाहेर आलं ते दोघांनीही वाकून बघितलं. फॅक्सचा तो कागद उष्णतेनं उमटणारा. त्याला एवढी ऊब मिळाल्यावर तो सगळाच्या सगळा उमटला होता. एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत कुळकुळीत काळा. वर छान चकाकी.

"हलायचं न्हाय हे मातुर खरं," बिरदेव हळूच म्हणाला.

भाऊसाहेबांनी ती काळी पाटी वर्तमानपत्रात गुंडाळून घरी आणली आणि कपाटात ठेवून दिली. रतनबाईंना सांगायला त्यांना चार दिवस लागले. सांगितल्यावर त्या एवढं हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. भाऊसाहेबांना वाटलं, रागावली असती तर बरं झालं असतं.

आणि मग दोन मार्चला, सोमवारी, वाशीहून फोन आला. आवाज नवा होता. दस्तूरसाहेब रिटायर झाले होते. नवे मॅनेजर इंग्रजीमिश्रित मराठीत म्हणाले की त्यांच्या फायलीत बोराट्यांच्या कराराची मूळ प्रत नाही, नुसता फॅक्स आहे. फॅक्सची सही कायद्यात बसत नाही. तेव्हा माल पाठवू नये. तुमच्याकडे आमची सही असलेली प्रत आहे का? भाऊसाहेबांनी कपाटाकडे बघितलं आणि सांगितलं, "आहे, पण… वाचता येण्याच्या अवस्थेत नाही."

फोन ठेवल्यावर ते खुर्चीत बसूनच राहिले. जन्मभर ज्या सहीवर मिरवलो, ती ऐन वेळी कामाला आली नाही असं त्यांना वाटलं. तीन दिवसांत कणीस काढलं नाही तर ते बोटाचं मनगट होतं आणि मग ते साध्या मक्याच्या भावानंही कुणी घेत नाही, कारण झाडं दाट लावलेली असतात, दाणा भरतच नाही. रतनबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"बानूवैनीला मी शबुद दिलाय," त्या एवढंच म्हणाल्या. मग खुंटीवरची पिशवी घेतली. "चला. बारामतीला वकील हायती न्हवं?"

वकील होते आप्पासाहेब देवकाते. सत्तरीला आलेले, कोर्टात कमी आणि ओट्यावर जास्त बसणारे. भाऊसाहेबांनी सुरुवातीपासून सगळं सांगितलं. शेपूट, टिंबं, प्रतिज्ञापत्र, काही सोडलं नाही. शेवटी वर्तमानपत्र उलगडून काळी पाटी पुढे ठेवली. आप्पासाहेबांनी ती उजेडाकडे धरली.

"हा कुणाचा एक्स-रे?"

"करार आहे," भाऊसाहेब खालच्या मानेनं म्हणाले.

आप्पासाहेबांनी ती बाजूला ठेवली आणि चष्मा रतनबाईंकडे वळवला. "बाई, दस्तूरशी बोललं कोण?"

"मी."

"काय ठरलं?"

रतनबाईंनी सांगितलं. नऊ जानेवारी, शुक्रवार, सकाळी दहाचा सुमार. लांबी, जाडी, टोक, पाच मार्च, एक दिवसाआड. "ते म्हनले पक्का, मी म्हनलं पक्का."

"मग करार झाला," आप्पासाहेब म्हणाले.

"पण फॅक्सची सही…" भाऊसाहेबांनी तोंड उघडलं.

"अहो, जमीन विकताय का मका? आपला कराराचा कायदा अठराशे बहात्तरचा. त्यात मका विकायला सही लागते असं कुठंही म्हटलेलं नाही. दोघांनी समजून-उमजून हो म्हटलं की झालं. सही असते ती पुराव्यासाठी. तारेनं ठरलेले सौदे कोर्टांनी किती वर्षांपासून मानलेत. तारेवर काय शाईची सही असते? फॅक्सच्या आणि कॉम्प्युटरच्या सहीबद्दल वेगळा कायदा आपल्याकडे अजून झालेला नाही हे खरं. पण कायदा झाला नाही म्हणजे सही खोटी झाली असं नाही. कोर्ट विचारील, हे तुम्हीच पाठवलं का आणि मनापासून पाठवलं का. बस्स."

"म्हणजे माझी सही…"

"तुमची सही सुंदर आहे, भाऊसाहेब. नसती तरी चाललं असतं."

भाऊसाहेबांना हे वाक्य दिलासा म्हणून घ्यावं की अपमान म्हणून, ते ठरवता येईना.

"पण कोर्टात जाल तर निकालाला वर्षं लागतील, आणि तुमचा मका गुरुवारपर्यंतच थांबणार," आप्पासाहेब पुढे म्हणाले. "तेव्हा आज तार करा, की ठरल्याप्रमाणे पाच तारखेला माल येतोय. आणि माल पाठवा. ठेवून घेतला की करार मानला. परत पाठवला तर मग मी बघतो."

"पाठवायचा न्हाय," रतनबाई म्हणाल्या. "मी घिऊन जाती."

स्टँडवर परत येताना त्या बिरदेवच्या दुकानात शिरल्या. "तुमच्या वहीत काय लिवलंय हो त्या दिवसाचं?" बिरदेव पाठवलेला प्रत्येक फॅक्स नंबर, तारीख, वेळ घालून वहीत उतरवायचा, कारण गिऱ्हाईकं नंतर भांडतात. वाशीचा नंबर तिथं तीनदा होता, आणि तिसऱ्यापुढे 'ओके'. रतनबाईंनी त्या पानाची झेरॉक्स काढून घेतली. भाऊसाहेब छताकडे बघत राहिले.

पाच मार्चला दिवस उगवायच्या सुमाराला दोन्ही शेतांत मिळून दहा बायका होत्या. कणसं काड्यांना लावून मोडली जात होती, सोलली जात होती, केस पुसले जात होते. भाऊसाहेबही रजा टाकून आले होते. त्यांना क्रेटवर चिठ्ठ्या लावायचं काम मिळालं होतं आणि त्यांनी ते मनापासून केलं. पण त्यांची नजर सारखी रतनबाईंकडे जात होती. दहा बायकांत ही बाई कुठंही ओरडत नव्हती. एखादीच्या क्रेटमध्ये हात घालून एकच कणीस बाहेर काढायची, काडीला लावायची, आणि ते नेमकं तेच असायचं जे पाव इंच मोठं आहे. तेवीस वर्षं आपण कागदांतल्या चुका काढतो, भाऊसाहेबांच्या मनात आलं, पण आपल्याला चाळून बघावं लागतं.

तात्याबांचा पुतण्या बिरू टेंपो घेऊन आला. आठ वाजता निघाले, घाट उतरून चारच्या सुमाराला वाशीला कंपनीच्या गोडाऊनपाशी पोचले. नवे मॅनेजर काचेच्या खोलीत बसले होते. तार त्यांच्या टेबलावरच पडली होती.

"मी फोनवर सांगितलं होतं," ते म्हणाले. "आमच्याकडे व्हॅलिड सही नाही. मी माल उतरवू शकत नाही."

रतनबाईंनी एक क्रेट आत मागवला आणि टेबलावर ठेवून ओलं फडकं बाजूला केलं. फिकट पिवळी कणसं, एका मापाची, खोक्यातल्या पेन्सिलींसारखी लागलेली.  मॅनेजरांनी एक उचललं.

"माल चांगला आहे, प्रश्न तो नाही. प्रश्न सहीचा आहे."

ते एवढं बोलतात तोच कोपऱ्यातली फॅक्स मशीन घरघरली आणि तिच्यातून कागद बाहेर आला. मॅनेजरांनी तो टर्रकन फाडला, नजर फिरवली आणि खिडकीतून गोडाऊनकडे ओरडले, "कुलाब्याची ऑर्डर आली! मश्रूम बारा, लेट्यूस वीस. भरा गाडी!"

रतनबाई त्या कागदाकडे बघत होत्या. "साहेब, ह्यो कुनी पाठिवला?"

"हॉटेलनं."

"सही हाय का त्येच्यावर?"

"आहे ना. ही काय, शेफची."

"शाईची हाय?"

मॅनेजरांनी कागद पुन्हा डोळ्यांजवळ धरला.

"तुमी शेफला पाह्यलं न्हाय, त्येचा हात पाह्यला न्हाय," रतनबाई शांतपणे म्हणाल्या. "पर कागद आला आन् तुमी गाडी भराय सांगितली. बरुबर केलं. इस्वासावर धंदा चालतुय. मग त्या सहीवर गाडी भरती, तर आमच्या सहीवर गाडी रिकामी का व्हत न्हाय? आन् फॅक्सची सही चालत न्हाय ह्यो तुमचा नेम असंल, तर तो कुलाब्याला बी कळवा. त्यांला उद्या म्हनता यील, आमी मागवलंच न्हवतं."

 बिरू दारातून आत डोकावत होता. भाऊसाहेबांनी आपली पिशवी छातीशी घट्ट धरली होती. ह्या मुद्द्यासाठी त्यांनी दोन महिने शाळा, कचेरी, स्टँपपेपर असं रान उठवलं होतं. इथं रतनबाईंना एका कागदाकडे बघून तो सापडला होता.

मॅनेजर आधी गंभीर राहिले, मग त्यांच्या मिशीच्या टोकाला हसू फुटलं. "बाई, तुम्ही वकिलाकडे गेला होतात का?"

"सोमवारी गेलते. पर ह्ये त्येंनी न्हाय सांगितलं."

"ठीक आहे. आजचा माल घेतो."

"आजचा न्हाय साहेब. पीक संपस्तवर, एक दिवसाआड. तसं ठरलंय. आन् त्यात बानूवैनीचा बी हाय." त्यांनी बिरदेवच्या वहीची झेरॉक्स टेबलावर ठेवली आणि नऊ जानेवारीचं बोलणं पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं, दस्तूरसाहेबांच्या 'फस्टक्लास'सकट. मॅनेजरांनी फाईल काढली. तिच्यातला फॅक्स काचेखाली कुणी ठेवला नव्हता, त्यामुळे तो शाबूत होता. एकेक कलम बाईंच्या बोलण्याशी जुळत गेलं.

"करार कागदापेक्षा तुम्हालाच जास्त पाठ आहे," ते म्हणाले आणि माल उतरवायला सांगितलं.

गोडाऊनच्या कारकुनानं चलनावर 'माल मिळाला' असं लिहून कागद पुढे केला. रतनबाईंनी तो घ्यायला हात केला, पण मधेच भाऊसाहेब पुढे झाले. इतका वेळ ते भिंतीला टेकून होते. त्यांनी चष्मा लावला.

"आवक क्रमांक नाही," ते म्हणाले. "गोल शिक्का नाही. आणि 'माल मिळाला' नाही, 'ठरल्याप्रमाणे माल मिळाला'. तेवढा शब्द राहिलाय."

कारकुनानं वर बघितलं. कारकून कारकुनाला ओळखतो. त्यानं निमूटपणे शब्द घातला, क्रमांक टाकला आणि शिक्का मारला. रतनबाईंनी नवऱ्याकडे असं बघितलं की भाऊसाहेबांना एकदम लग्नाचा दिवस आठवला, आणि ते उगीचच चष्मा पुसू लागले.

परतीच्या वाटेवर टेंपोत तिघं जण पुढे बसले होते.  लोणावळा मागं पडल्यावर भाऊसाहेब म्हणाले, "रतन, तू बोलत होतीस तेव्हा मी… म्हणजे मला वाटलं…" आणि पुढे त्यांना शब्द सापडेना. हेडक्लार्कला शेऱ्यांची सवय असते, शाबासकीची नसते. शेवटी ते म्हणाले, "बोललेलं सगळं मुद्देसूद होतं."

"व्हय?" रतनबाई म्हणाल्या, आणि खिडकीबाहेर बघत हसल्या.

त्या मोसमात गाडी एक दिवसाआड गेली, एकदाही चुकली नाही. तात्याबांनी अर्ध्या एकराकडे बघून सुस्कारे टाकायचं बंद केलं आणि "त्यो मका मीच लावा म्हनलं हुतं" असं लोकांना सांगायला सुरुवात केली. बानूबाई ऐकून घ्यायच्या.

पुढल्या वर्षी वाशीहून फोन आला, की करार आता ई-मेलनं येईल. बिरदेवनं तोवर रसाचं गुऱ्हाळ मागं सरकवून तिथं कॉम्प्युटर बसवला होता. तारेतून, कीर्रर्र आवाज करत, बऱ्याच वेळानं करार पडद्यावर आला. वर नाव होतं श्रीमती रतन बोराटे. खाली मॅनेजरांचं नाव नुसतं टाईप केलेलं होतं. ना गाठ, ना वेलांटी. भाऊसाहेबांनी पडद्याच्या अगदी जवळ जाऊन बघितलं. येता येता त्यांनी आप्पासाहेबांना ह्या सहीबद्दल आधीच विचारून ठेवलं होतं. आप्पासाहेब म्हणाले होते, "असल्या सहीचा कायदा दिल्लीत लिहायला घेतलाय म्हणतात. येईल वर्षा-दोन वर्षांत."

"आणि तोपर्यंत?"

"तोपर्यंत रतनबाई आहेत की."

उत्तराचा मजकूर बिरदेवनं टाईप केला. 'कबूल आहे. पहिली गाडी दहा मार्चला.' नाव घालायची वेळ आली तेव्हा रतनबाई म्हणाल्या, "त्ये मी घालती." त्यांनी खुर्ची पुढे ओढली. भाऊसाहेबांनी एकेक इंग्रजी अक्षर बोटानं दाखवलं आणि त्यांनी ते एका बोटानं दाबलं. पाच अक्षरांना पाच मिनिटं लागली. मग त्या मागे सरकून बघत राहिल्या.

"ह्यात माझं काय हाय?" त्या म्हणाल्या. "कुनी बी दाबलं तरी असंच दिसनार."

"हाच तर प्रश्न आहे," भाऊसाहेब म्हणाले. वर्षभरात पहिल्यांदाच दोघांचं ह्या विषयावर एकमत झालं होतं.

रतनबाईंनी थोडा विचार केला. बिरदेवला पत्र पाठवायला सांगितलं, ते गेल्याची खात्री केली, आणि मग शेजारचा फोन उचलून वाशीचा नंबर फिरवला.

"साहेब, कागद पोचला का? त्येच्या खाली रतन लिवलंय," त्या म्हणाल्या. "ती मीच बरं का."